कुलूप, करार आणि हप्ता

दादरला आमच्या नात्यातल्या एका घरात दोन खोल्यांना वर्षानुवर्षं कुलूप होतं. मुलं नोकरीनिमित्त बाहेरगावी गेलेली, खोल्या रिकाम्या, आणि जागा भाड्याने मिळेल का विचारत दर महिन्याला कुणीतरी दाराशी आलेलं. आजोबा एवढंच म्हणायचे, "जागा द्यायची नाहीये." लहानपणी मला तो म्हाताऱ्या माणसाचा हट्ट वाटायचा. पुढे पगारातून घेतलेलं घर भाड्याने द्यायची माझ्यावर वेळ आली, तेव्हा मी भाडेकायदा वाचायला बसलो आणि त्या कुलपाचा अर्थ मला कळला.

१९४७ साली मुंबई प्रांताने भाडेनियंत्रणाचा कायदा केला. युद्ध नुकतंच संपलेलं, फाळणीने उखडलेली माणसं शहरात येत होती, घरं अपुरी होती. गरिबाला रस्त्यावर काढू नये हा हेतू चांगलाच होता. प्रमाण भाडं बहुतेक ठिकाणी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधलं गेलं. कायद्यात दिलेल्या ठरावीक कारणांशिवाय भाडेकरूला काढता येईना, आणि त्याच्या पश्चात सोबत राहणाऱ्या कुटुंबाकडे हक्क जाई. पण सिमेंट, चुना, गवंड्याची मजुरी यांचे भाव काही १९४० वर थांबले नाहीत. मालकाला डागडुजी परवडेना, इमारती खचू लागल्या, आणि वाढू न शकणाऱ्या भाड्याची भरपाई पागडीच्या रूपाने रोखीत होऊ लागली. अखेर १९६९ मध्ये मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी सरकारला स्वतंत्र मंडळ आणि उपकर आणावा लागला.

मालकांनी मग 'लिव्ह अँड लायसन्स'ची वाट धरली. म्हणजे जागा भाड्याने दिलेली नाही, ठरावीक मुदतीपुरती वापरायची परवानगी दिली आहे. पण १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. अकरा महिन्यांसाठी दिलेली खोली एका तारखेत पिढ्यांसाठी गेली. ज्याने हे शेजारी घडताना पाहिलं, तो पुढे कुलूपच लावणार.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचं म्हटलं. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आज नोकरी सांभाळून एक-दोन घरं भाड्याने देणारा माणूस उभा आहे तो या कायद्याच्या दोन कलमांवर. घर घेण्यासाठी बँकेच्या दाराशी जाण्यापूर्वी ती दोन कलमं समजून घ्यावीत, असं मी प्रत्येकाला सांगतो.

कलम २४ म्हणतं की राहण्यासाठी परवान्यावर दिलेली जागा मुदत संपताच परत करायची. नाही केली, तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. लेखी करारात जे लिहिलंय तेच तिथे निर्णायक पुरावा. मुदतीनंतर अडून राहणाऱ्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याला बचावाची परवानगी मागावी लागते, ती आपोआप मिळत नाही. प्रत्यक्षात वेळ लागतो, खेटे पडतात, हे खरं. पण दादरच्या खोल्यांच्या काळाशी तुलना केली तर हा जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कलम ५५ मात्र मालकाला जबाबदार धरतं. करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर जागा कोणत्या अटींवर घेतली याबद्दल राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. 'अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी कशाला' हे वाक्य पुण्यात आजही सर्रास ऐकू येतं. ते इतर राज्यांतून आलेलं आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून देशभर अकरा महिन्यांचा रिवाज पडला. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे त्या पळवाटेला अर्थ नाही. इथे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो, आणि साठ महिन्यांपर्यंतचा परवानाही चालतो.

खर्च किती? संपूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत करायच्या अनामत रकमेवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. महिना १६ हजार भाडं, ५० हजार अनामत, ११ महिने असा करार असेल तर सुमारे साडेचारशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंटाची घरी येऊन अंगठे घेण्याची फी वेगळी, पण आधार आणि बायोमेट्रिक वापरून हा करार ऑनलाइनही नोंदवता येतो. दीड हजाराच्या आसपास पन्नास लाखांच्या घराला कवच मिळतं. तेवढ्यावर पैसे वाचवणारी सुशिक्षित माणसं पाहिली की मला मनापासून वाईट वाटतं.

आता पैशांकडे वळू. 'भाडं हप्ता फेडेल' हे एजंटाचं आवडतं वाक्य. ते पिंपरी-चिंचवडमधल्या एका कल्पित पण नेहमीच्या वन बीएचकेवर तपासून पाहू. किंमत ५० लाख. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या ८० टक्क्यांची, म्हणजे कर्ज ४० लाख. उरलेले १० लाख आपले. मुद्रांक शुल्क, स्थानिक उपकर आणि मेट्रो अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. ही रक्कम बँक घराच्या किमतीत धरत नाही. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. एजंटाचे पन्नासेक हजार, रंग, पंखे, गीझर, जाळ्या यांचा लाख-सव्वा लाख. खिशातून गेले साडेपंधरा लाख. (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत मिळते, इथे ती ५० हजारांची होते. बहिणीच्या, आईच्या, बायकोच्या नावाचं घर हे तसंही चांगलंच.)

साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं मुदत धरली तर हप्ता ३४,७१३ रुपये. भाडं १६ हजार. पण वर्षाचे बारा महिने भाडं येत नाही. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत एक महिना रिकामा गेला असं धरू. हाती आले १ लाख ७६ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स २४ हजार, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) दोनेक हजार, मिळकतकर १० हजार, रंग आणि दुरुस्तीचे १२ हजार, एजंटाला अर्ध्या महिन्याचं भाडं ८ हजार. उरले १ लाख २० हजार. महिन्याला १० हजार. म्हणजे प्रत्येक महिन्याला २४,७०० रुपये पगारातून घालायचे. पहिल्या वर्षी भरलेल्या ४ लाख १६ हजारांपैकी मुद्दलात जातात जेमतेम ८० हजार.

भाडं दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढत गेलं, तरी नुसतं ढोबळ भाडं हप्त्याइतकं व्हायला सोळा वर्षं लागतात. खर्च वजा करून उरणारं भाडं तर वीस वर्षांनीही २६,५०० च्या आसपासच असतं. कर्ज संपेपर्यंत हे उरणारं भाडं हप्त्याला गाठतच नाही. आपल्या शहरांत घर पगार विकत घेतो. भाडं त्याला हातभार लावतं. माझ्या मते सगळं नियोजन इथून सुरू व्हायला हवं. अमेरिकेतल्या पुस्तकांत सांगितलेला मार्ग, म्हणजे पहिल्या घराच्या भाड्यातून दुसरं आणि दुसऱ्यातून तिसरं, हा भाडं आणि किंमत यांचं प्रमाण वेगळं असलेल्या गावांचा आहे. तो वाकडला किंवा ठाण्याला आणून बसवला की पगाराचा श्वास कोंडतो. या हिशेबाने दुसरं तसंच घर लगेच घेतलं तर महिन्याला पन्नास हजार रुपये नुसती तूट भरण्यात जातील.

मग करायचं काय? तेवढीच रोकड दुसरीकडे लावून पाहू. चिंचवडमध्ये किंवा नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यात वीसेक वर्षं जुन्या सोसायटीतलं छोटं घर, समजा २८ लाखांचं. निम्मे पैसे स्वतःचे, १४ लाख कर्ज, १५ वर्षं मुदत. हप्ता १३,७८६. सगळे शुल्क, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क (महापालिका हद्दीत कमाल २५ हजार) आणि दलाली मिळून खिशातून पावणेसतरा लाख. भाडं ९,५०० धरलं आणि रिकामा महिना, मेंटेनन्स, कर, दुरुस्ती वजा केली तर महिन्याला सहा हजारांच्या आसपास उरतात. तूट सुमारे ७,८००. सुरुवातीची रक्कम जवळपास सारखीच, पण पगारावरचा भार एक तृतीयांश. हे घर मित्रांना दाखवायला फार देखणं नसेल. पण कारखान्यातला सुपरवायझर, नर्स, नवं लग्न झालेलं जोडपं यांना असंच घर हवं असतं, आणि ते रिकामं पडत नाही.

छोट्या घरांच्या बाजूने माझा कौल आहे आणि तो मी लपवत नाही. भाड्याने देण्यासाठी घ्यायचं असेल तर बांधकाम चालू असलेलं घर मी टाळतो. त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो (परवडणाऱ्या घरांना १ टक्का), पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला तो नसतो. महारेरा, म्हणजे राज्याचं स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, २०१७ मध्ये आल्यापासून ग्राहकांच्या पैशांतला ७० टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, ही फार मोठी सुधारणा झाली. तरीही ताबा मिळेपर्यंत भाडं शून्य आणि व्याज चालू, हे गणित नोकरदाराला जड जातं. गावठाणाबाहेरच्या एक-दोन गुंठ्यांवर खोल्या बांधून कामगारांना देण्याचा मोह चाकणच्या बाजूला अनेकांना होतो. भाडं खरोखर चांगलं येतं. पण तिथल्या बहुतेक मालकांची जमीन वडिलोपार्जित असते. बाहेरून गेलेल्या माणसाने अकृषिक वापराची कागदपत्रं आणि बांधकाम परवानगी पाहिल्याशिवाय तिथे पाऊल टाकू नये.

जुनं घर घेताना वकिलाला दिलेले पाच-दहा हजार हा सगळ्यात स्वस्त खर्च. त्याने तपासायचं ते असं: मागच्या व्यवहारांची साखळी, नोंदणीचा उतारा (इंडेक्स टू), भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, विकणाऱ्याचं कर्ज फिटल्याचा दाखला, आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे कन्व्हेयन्स. शेवटची गोष्ट लोक विसरतात. इमारत जुनी होत जाते, पुनर्विकासाची बोलणी सुरू होतात, आणि तेव्हा कळतं की जमीन अजून बिल्डरच्या नावावर आहे. घराची किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते, हेही लक्षात ठेवावं.

करांबद्दल थोडक्यात. भाड्याच्या उत्पन्नातून प्रत्यक्ष भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, आणि मग कर्जाचं व्याज वजा होतं. रंगाचं बिल, दलाली, मेंटेनन्स वेगळं दाखवता येत नाही. ते त्या ३० टक्क्यांत आलं. वरच्या ५० लाखांच्या घरात पहिल्या वर्षी कागदावर सुमारे २ लाख २० हजारांचा तोटा दिसतो. जुन्या करप्रणालीत त्यातले २ लाख पगारातून वळते होतात, उरलेला पुढच्या आठ वर्षांत घराच्याच उत्पन्नातून वजा करता येतो. नव्या प्रणालीत पगारातून काहीच वळतं होत नाही. 'टॅक्स वाचेल' म्हणून घर घेणाऱ्यांनी आधी आपण कोणत्या प्रणालीत आहोत ते पाहावं. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत असते. भाडेकरू आला की ती जाते, तेव्हा हिशेबात पूर्ण कर धरावा. आणि अमेरिकेत किंवा दुबईत राहून इथलं घर भाड्याने देणाऱ्या मंडळींसाठी: मालक अनिवासी असेल तर भाडेकरूला भाड्यातून ३० टक्क्यांहून जास्त टीडीएस कापावा लागतो, भाडं कितीही कमी असलं तरी. हे करार करतानाच त्याला सांगावं. नोटीस आली की बिचारा भाडेकरू गोंधळतो.

दुसरं घर कधी घ्यायचं? मी स्वतःसाठी ठेवलेली खूण अशी: पहिल्या घराची तूट पगाराच्या दहाव्या हिश्श्याखाली आली, आणि सहा महिन्यांचे हप्ते वेगळ्या ठेवीत पडले, की दुसऱ्याचा विचार. ती ठेव कशासाठी, हे २०२२ ने शिकवलं. त्या मे महिन्यात ४ टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला. ज्यांचं कर्ज रेपोशी जोडलेलं होतं त्यांचा हप्ता वाढला किंवा मुदत लांबली. ४० लाखांच्या २० वर्षांच्या कर्जावर अडीच टक्के वाढ म्हणजे महिन्याला साडेसहा हजारांचा फरक. त्याउलट दिवाळीच्या बोनसमधून दरवर्षी एक जादा हप्ता भरला तर वीस वर्षांचं कर्ज साडेसोळा वर्षांत फिटतं. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीसाठी बँक दंड घेऊ शकत नाही. फिटलेल्या पहिल्या कर्जामुळे बँकेच्या नजरेत पगार मोकळा होतो, आणि तेव्हाच दुसऱ्या घराला खरी जागा होते. तीसेक वर्षांच्या नोकरीत अशी दोन, फार तर तीन घरं होतात. मला हा वेग योग्य वाटतो. राज्य सरकारी नोकरीत असाल तर १९७९ च्या वर्तणूक नियमांनुसार अशी खरेदी कार्यालयाला कळवावी लागते, ते पत्र वेळेवर द्यावं.

दोन्ही घरं एकाच भागात घेऊ नयेत हे आणखी एक. २०२० मध्ये आयटी कंपन्यांचं काम घरून सुरू झालं, आणि हिंजवडीच्या आसपासचे कितीतरी भाडेकरू सामान आवरून गावी गेले. त्याच काळात रुग्णालयाजवळच्या, कारखान्याजवळच्या घरांतली माणसं कामावर जातच होती. एक घर संगणकावर काम करणाऱ्यांच्या वाटेवर आणि दुसरं एमआयडीसीच्या किंवा कॉलेजच्या वाटेवर असेल तर दोन्ही एकाच वेळी ओस पडत नाहीत.

नोकरी सांभाळून हे जमतं का, असं सगळे विचारतात. जमतं, पण घर आपल्या दुचाकीच्या टप्प्यात हवं. शनिवारची सकाळ राखून ठेवावी लागते. एक प्लंबर, एक इलेक्ट्रिशियन, आणि किल्ली ठेवायला विश्वासाचं शेजारघर, ही खरी गुंतवणूक. आमच्या शेजारच्या काकूंनी दोन वेळा वरच्या मजल्याची गळती वेळेवर कळवली म्हणून भिंत वाचली. सोसायटीशी सलोखा ठेवावा, पण आपले हक्कही माहीत असावेत: नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत, असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन नोंदवायला दहा मिनिटं पुरतात.

भाडेकरू कसा निवडावा? ओळखपत्र, नोकरीचं पत्र, आधीच्या मालकाशी एक फोन. बस. आडनाव, स्वयंपाकघरात काय शिजतं, मुलगी एकटी राहते का, ही चौकशी मला लाजिरवाणी वाटते. एकट्या मुलींना आणि ठरावीक आडनावांच्या लोकांना घरं नाकारली जातात हे आपल्या शहरांमधलं उघड दुखणं आहे, आणि ज्याच्या हातात घराची किल्ली आहे त्याने ते वाढवू नये. माझ्या घरात सर्वांत नीट राहिलेली भाडेकरू म्हणजे लातूरहून आलेली एकटी मुलगी. आधी तिला पाच ठिकाणी नकार मिळाले होते. ती तीन वर्षं राहिली, एकही महिना भाडं चुकलं नाही, आणि मीही दरवर्षी पाच टक्क्यांऐवजी तीन टक्केच वाढवलं. एक महिना घर रिकामं राहणं हे आठ टक्क्यांहून अधिक नुकसान असतं, तेव्हा चांगल्या माणसासाठी दोन टक्के सोडणं हा साधा व्यवहार आहे.

ती गेली त्या रविवारी आम्ही दोघांनी मिळून मीटरचं रीडिंग लिहून घेतलं, नळ उघडून पाहिले, आणि ५० हजारांची अनामत मी तिथेच तिच्या खात्यात पाठवली. तिने किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातावर ठेवला. त्यात एक किल्ली जास्त होती, तिने स्वतः बसवलेल्या जादा कुलपाची. "राहू दे काका," ती म्हणाली, "पुढच्या ताईला लागेल."